आमची वाटचाल: गोड्या पाण्यातून खाऱ्यात

आमचं दुकान शहापुरात. समुद्र चोर्ला घाटाच्या पलीकडे, त्यामुळं 'बेळगावात समुद्राचे मासे?' म्हणून लोक आधी हसायचे. पहिली काही वर्षं गोल्डफिश, गप्पी आणि शाळा सुटल्यावर काचेला नाक लावून उभी राहणारी पोरं, एवढाच आमचा धंदा.

खाऱ्या पाण्यात ओढलं टिळकवाडीतल्या एका डॉक्टरांनी. पुण्यातल्या कुणाची तरी चालू रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टँक, त्यांनी जुन्या लाइव्ह रॉकसकट (जीव बसलेल्या समुद्री दगडांसकट) घेतली आणि देखभाल माझ्याकडे दिली. दुसऱ्याच फेरीत बॅटरी मारून बघताना एका दगडाखाली सुपारीएवढा खडबडीत गोळा दिसला, मधे बारीक फट. घाण समजून मी स्क्रूड्रायव्हर काढला, तोवर फट मिटली. मग फोटो काढून घरी आईला दाखवला. ती मालवणकडची.

"अरे, कालव ते! उपटू नको, मरेल. तिसरी वाळूत असते, शिनाणं दोऱ्यांनी धरून बसतं, कालव दगडालाच चिकटून वाढतं."

ही तिन्ही शिंपल्यांचीच नावं. पुढं वाचल्यावर कळलं, ते खरं कालव नसून चामा जातीचं शिंपलं होतं. पण आईची वाटणी मी आजही वापरतो. चिकटलेलं शिंपलं दगडासकटच हलवायचं. दोरे असतील तर ओढायचं नाही, दगडाच्या बाजूनं ब्लेडनं कापायचे. ओढले तर दोरे मुळातून निघतात आणि आतला मऊ भाग फाटतो. वाळूतलं असेल तर त्याला वाळू द्यायची.

ते शिंपलं मीच मारलं, हे लपवत नाही. माशांवर पांढरे ठिपके आले आणि मी तांब्याचं औषध थेट टँकमध्ये ओतलं. माशांना ते चालतं, शिंपल्यांना आणि गोगलगायींना विष. चौथ्या दिवशी शिंपलं उघडंच राहिलं, बोट नेलं तरी मिटेना. वास आला तेव्हा अमोनिया वर गेलेला. तांबं दगड-वाळूतही मुरतं. सगळे दगड टाकून द्यावे लागले आणि त्या महिन्याचे पैसे मी घेतले नाहीत. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आमच्यातही असं होतं की वो."

तेव्हापासून आजारी माशांसाठी वेगळी टँक ठेवली. तिथूनच देखभालीचं काम वाढत गेलं. आज दुकानाचा बराचसा खर्च त्यातूनच निघतो, मासे विकून नव्हे.

गिऱ्हाइकांचा ठरलेला प्रश्न, 'शिंपल्याला कुठली लाइट घ्यू?' महागडी लाइट विकता आली असती, पण तिचा त्याला उपयोग नाही. राक्षसी शिंपल्याच्या अंगात शैवाल असतं म्हणून त्याला उजेड लागतो. दगडासोबत आलेलं हे शिंपलं मात्र पाणी गाळूनच जगतं. त्याला फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं बारीक शैवाल) थोडं थोडं द्यायचं आणि त्या वेळी अर्धा-पाऊण तास स्किमर, म्हणजे फेसासोबत घाण काढणारं यंत्र, बंद ठेवायचा. जास्त ओतलं तर पाणी नासतं. खारेपणा ३५ पीपीटी, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या आसपास. एकच शिंपलं असेल तर दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बहुतेक वेळा भागतं. आमच्याकडं मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात पाणी भराभर उडतं. मीठ मागंच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. बोअरचं पाणी नको, इथलं जड असतं.

लाइव्ह रॉक आम्ही विकत नाही. प्रवाळ आणि राक्षसी शिंपल्यांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून ओरबाडून आलेला दगड कुठला, हे मला सांगता येणार नसेल तर तो नकोच. आम्ही कोरडा दगड देतो. त्यावर जीव बसायला महिने लागतात, घाईचं गिऱ्हाईक निघून जातं. जाऊ दे.

परवा गोकाकच्या एका गिऱ्हाइकानं दगडासकट बादली आणली. "कप्पेचिप्पू आहे, जिवंत आहे काय बघा." कप्पेचिप्पू म्हणजे कानडीत शिंपलं. बादलीवर हात फिरवला, सावली पडली, फट मिटली. ते सध्या आमच्याच टँकमध्ये आहे. घरी जेवायला बसलो की आई आधी विचारते, "त्या कालवाला घातलंस काय?"