पाच किलोच्या मर्यादेत ब्राँझचा ऑक्टोपस

मोठ्या आजारातून उठलेला शिल्पकार पुन्हा कामाला लागतो तेव्हा सगळे त्याला एकच सल्ला देतात: छोटं काम कर. आमच्या मते हा सल्ला चुकीचा आहे. काम छोटं करण्यापेक्षा त्याचे तुकडे पाडावेत, आणि त्यासाठी समुद्री जीवांसारखा विषय शोधून सापडणार नाही.

ब्राँझचं शिल्प आधी मेणात घडवतात, त्याभोवती सिरॅमिकचं कवच (शेल) करतात, मेण वितळवून काढतात आणि त्या जागी ब्राँझचा वितळलेला रस ओततात. आधी हिशेब. मेणाच्या वजनाला साडेनऊने गुणलं की ब्राँझचं वजन येतं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी समजा पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं सांगितलं असेल, तर एका तुकड्याचं मेण पाचशे ग्रॅमच्या आतच हवं. मध्यम ऑक्टोपस घ्या. पोकळ धड 450 ग्रॅम, आठ भुजा प्रत्येकी 120 ग्रॅम, मिळून 1410 ग्रॅम मेण. ब्राँझमध्ये हे साडेतेरा किलोच्या आसपास जातं, पण धड सव्वाचार किलोचं आणि एकेक भुजा सव्वा किलोच्याही आत. जोडल्यानंतरचं धूड फाउंड्रीतली (ओतकामाच्या कारखान्यातली) माणसं फिरत्या टेबलावर ठेवतील, त्याला आपण हात लावायचाच नाही.

भुजा कुठे कापायची हे मेण घडवतानाच ठरवा. दोन भुजांमधला पातळ पडदा संपतो आणि भुजा गोल होते, तिथे त्वचेची एखादी घडी आडवी घ्या आणि जोड तिच्यात लपवा. काप भुजेच्या अक्षाला काटकोनात हवा, आणि कापण्याआधी दोन्ही बाजूंवर जुळणीच्या खुणा कोरलेल्या हव्यात. ब्राँझ थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतं. चाळीस सेंटीमीटरची भुजा सहा ते आठ मिलिमीटर आखूड होते, शिवाय तिचा वळसाही किंचित उघडतो. म्हणून ज्या भुजांची टोकं एकमेकींना टेकायची आहेत, तिथे मेणातच थोडी लांबी जास्त ठेवा.

पोकळ तुकड्याची भिंत साधारण 5 मिलिमीटर ठेवायची. भुजेची जाडी 12 मिलिमीटरच्या खाली गेली की ती भरीव चालते. खरी गडबड जाड आणि बारीक भाग भेटतात तिथे होते. बारीक भाग आधी गोठतो, जाड भाग मागून आकसतो, त्याला नवा रस मिळत नाही, आणि आत स्पंजासारखी पोकळी राहते किंवा गरम असतानाच चीर पडते. म्हणून रस पुरवणारी नळी भुजेच्या जाड बुंध्याला लावा आणि बारीक टोकाला हवा निघून जायला वेगळी नळी द्या. टोक आंधळं राहिलं तर हवा कोंडते आणि भुजा शेवटच्या दोन सेंटीमीटरला बोथट येते.

आता चूषक. सामान्य ऑक्टोपसला प्रत्येक भुजेवर चूषकांच्या दोन रांगा असतात, आणि प्रत्येक चूषक म्हणजे एक छोटी वाटी. सिरॅमिक शेलचा पहिला थर देताना या वाटीत हवेचा बुडबुडा अडकतो. बुडबुड्याच्या जागी शेल बनतच नाही, तिथे रस शिरतो आणि वाटीच्या मधोमध ब्राँझची गोळी येते. चार मिलिमीटरच्या वाटीतली ती गोळी बारीक बरने (फिरत्या दातेरी टोकाने) काढायला धडधाकट हातालाही कंटाळा येतो, मग बोटं बधिर असतील तर विचारूच नका. उपाय आधीच करायचा. मेण साबणासारख्या वॉशने धुऊन तेलकटपणा काढा, पहिला थर बुडवून न देता मऊ ब्रशने प्रत्येक वाटीत फिरवा, आणि वर हलकी फुंकर मारून बुडबुडे फोडा. या कामाला अर्धा दिवस लागला तरी हरकत नाही, नंतरचे चार दिवस वाचतात.

केमोथेरपीच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिनने, बोटांची संवेदना कमी होते. वितळलेलं मेण त्वचेला चिकटून राहतं आणि काही सेकंदांत भाजतं, पण ते कळतं उशिरा. तापमान ठरवता येणारा इलेक्ट्रिक मेणपेन वापरा, त्याच्या मुठीला फोम गुंडाळून ती जाड करा, आणि मेण हातात मऊ करत बसण्यापेक्षा कोमट पाण्यात ठेवा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला भाजणं, कापणं कटाक्षाने टाळा, कारण त्या हाताला जंतुसंसर्ग होऊन सूज वाढू शकते. अँगल ग्राइंडरची थरथर बधिर बोटांना आणखी त्रास देते, त्यामुळे फिनिशिंगला फ्लेक्सिबल शाफ्ट, म्हणजे लवचीक दांड्याच्या टोकाला छोटं हत्यार फिरवणारं यंत्र, बरा. फिरत्या हत्याराजवळ सैल हातमोजा मात्र नको.

पेसमेकर असलेल्याने टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने धातू जोडणं) आणि इंडक्शन भट्टी (चुंबकीय क्षेत्राने धातू तापवणारी) यांच्यापासून लांब राहायचं, निदान हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही. धातूही बघून निवडा. 85-5-5-5 गनमेटलमध्ये (85 टक्के तांबं, बाकी कथील, शिसं आणि जस्त) पाच टक्के शिसं असतं, म्हणजे ते घासताना उडणाऱ्या धुळीतही असतं. सिलिकॉन ब्राँझ वेल्डिंगला सोपं आणि या बाबतीत कमी काळजीचं. शेल फोडताना सिलिकाची धूळ उडते. ते काम सरळ फाउंड्रीवर सोडा.

कासव, शिंपले यांचं तंत्र वेगळं नाही, तिथे निरीक्षण लागतं. हिरव्या कासवाच्या पाठीवर बाजूच्या ढालींच्या चार जोड्या असतात, लॉगरहेड जातीच्या कासवाच्या पाचच्या आसपास. समुद्रघोड्याची शेपटी गोल नसते, चौकोनी असते. उडी मारणारा डॉल्फिन एका बिंदूवर उभा करायचा असेल तर त्याचा भार पेलणारी स्टेनलेस स्टीलची पिन ओतकामाआधीच ठरवा.

शेवटी रंग. तो तापवलेल्या धातूवर रसायन ब्रशने लावून आणतात, त्या थराला पॅटिना म्हणतात. हिरव्या-निळ्यासाठी कॉपर नायट्रेट, तपकिरी-सोनेरीसाठी फेरिक नायट्रेट. समुद्राचा विषय म्हणून मीठ किंवा क्लोराइडचं पॅटिना वापरायचा मोह होतो, तो आवरा. क्लोराइड दमट हवेत आतून काम करत राहतं आणि महिन्यांनी फिकट हिरवी भुकटी बाहेर पडते. धातू किती तापला ते पाण्याच्या थेंबाने बघा. थेंबाची चर्र होऊन लगेच वाफ झाली तर बरोबर, टुणकन उडून नाचला तर फार गरम, आणि ओघळला तर थंड. इन्फ्रारेड थर्मामीटरवर भरवसा ठेवू नका, चकचकीत ब्राँझवर तो खूप कमी आकडा दाखवतो. नायट्रेट तापल्यावर निघणारा वायू फुफ्फुसाला वाईट असतो आणि साधा धुळीचा मास्क तो अडवत नाही. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने येईल असं उभं राहून करा. फुफ्फुसाचा आजार झाला असेल तर ब्रश दुसऱ्याच्या हातात द्या आणि लांबून रंग सांगा. चूषकांच्या वाट्यांत रंग साचतो, तो ओला असतानाच कोरड्या ब्रशने उचलून घ्या, नाहीतर तिथे काळे ठिपके पडतात.