तुम्ही विचारलंत म्हणून: त्या उड्या मारणाऱ्या मढ्यांविषयी

“तुला त्यात दिसतं तरी काय?” बायको, ऑफिसातले मित्र, फिल्म सोसायटीतले जाणकार, सगळ्यांनी हे इतक्या वेळा विचारलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मला प्रश्न कळतो. ‘त्यात’ म्हणजे हाँगकाँगच्या त्या सिनेमांत, ज्यांत मारामारी, भूत आणि विनोद एकाच पातेल्यात शिजतात. चिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याचा झगा आणि टोपी घातलेलं मढं, हात पुढे ताठ, कपाळावर पिवळा कागद, गुडघे न वाकवता उड्या मारत येणारं. तुम्ही त्याला चिनी व्हँपायर म्हणता. चिनी शब्द आहे ज्यांगशी, म्हणजे ताठलेलं प्रेत. यंदाच्या दिवाळीत माझ्या मामेबहिणीनंही तेच विचारलं आणि तिच्यापुढे माझं नेहमीचं उत्तर तोंडातून निघेना. म्हणून हे लिहायला बसलो.

नेहमीचं उत्तर आधी सांगून टाकतो, कारण तेही खोटं नाही.

हाँगकाँगचा नट-दिग्दर्शक सॅमो हंग यानं 1980 साली अशा एका सिनेमात हे ताठलेलं प्रेत विनोदी मारामारीत आणलं. 1985 साली त्याच्याच निर्मितीखाली रिकी लाउनं ‘मिस्टर व्हँपायर’ केला आणि मग त्या लाटेत वर्षानुवर्षं सिनेमे निघत राहिले. या मंडळींतली बरीचशी लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं आणि कसरती असलेल्या चिनी नाटकाच्या, शाळेत अंग मोडून घेतलेली. ‘मिस्टर व्हँपायर’मधलं मढं म्हणजे युएन वा. ब्रूस लीच्या सिनेमात कोलांट्याउड्या लागल्या की त्याच्या जागी हाच उडी घ्यायचा. तुम्ही एकदा घरी करून बघा. हात खांद्याच्या रेषेत ताठ, मान सरळ, गुडघे सैल सोडायचे नाहीत, आणि दहा उड्या. सहाव्या उडीला पोटऱ्या बोलायला लागतात. पडद्यावर तो माणूस हे करता करता मारामारी करतो आणि चेहऱ्यावर जिवंतपणाची रेघ उमटू देत नाही.

समोर लाम चिंग-यिंग. तोही ब्रूस लीच्या स्टंटच्या चमूतून आलेला. जुळलेल्या भुवया लावून वयस्कर ताओ गुरू, म्हणजे मढी आवरणारा मांत्रिक, झाला तेव्हा तो जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. मढ्यासमोर न डगमगणाऱ्या या गुरूला विलायती पद्धतीच्या हॉटेलात कॉफी कशी प्यायची ते कळत नाही, आणि तेही तो त्याच गांभीर्यानं निभावतो. तो 1997 च्या नोव्हेंबरात यकृताच्या कॅन्सरनं गेला, चव्वेचाळीस वर्षांचा. ती बातमी मला फार उशिरा कळली. कळली त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि ते नियम! मढं श्वासावरून माणूस ओळखतं, तेव्हा श्वास धरायचा. कपाळावर मंत्राचा कागद आहे तोवर ते स्वस्थ, कागद सुटला की जागं. त्याचं विष उतरवायला चिकट तांदूळ लागतो, तोही बिनभेसळीचा. सिनेमातला वाणी त्यात साधा तांदूळ मिसळतो आणि तेवढ्यानं माणसाच्या जिवावर बेततं. सुतार रेघ मारायला वापरतो ते सूत कोंबडीच्या रक्तात आणि शाईत बुडवून शवपेटीवर सगळीकडून ओढायचं. दोन्ही चेले पेटीची खालची बाजू विसरतात आणि पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. मला हे फार आवडतं. तांदूळ, सूत, कोंबडी, आरसा. भीती आवरायची ती घरात असलेल्या वस्तूंनी, आणि चूक होणार तीही घरात होते तशीच, हलगर्जीपणानं.

एके काळी मी यापुढे जाऊन मोठं उत्तर द्यायचो. फिल्म सोसायटीत एकदा तासभर बोललो होतो. 1984 मध्ये ब्रिटन आणि चीनचा करार झाला, 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरलं आणि पुढच्याच वर्षी पडद्यावर जुन्या राजवटीचा पोशाख घातलेलं प्रेत दार ठोठावत आलं, याचा अर्थ काय? अर्थ मी ठासून सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. आता त्या वेळच्या मला मी विचारतो: मग 1980 चा सिनेमा? तेव्हा कुठे होता करार? ताठलेली प्रेतं तेव्हाही तशीच येत होती. अठराव्या शतकातल्या युआन मेई या चिनी लेखकाच्या कथांमध्येही ती आहेत. करारानं प्रेक्षकाच्या मनात काही हललं नसेल असं मी म्हणत नाही. पण मी ते सगळं एवढ्या आवेशानं सांगत होतो, कारण खरं कारण सांगायचं नव्हतं.

खरं कारण माझा मामा आहे.

मामा मस्कतला एसी मेकॅनिक होता. 1988 च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा व्हीसीआर घेऊन आला, आणि खोकंभर कॅसेटी. राजापूर तालुक्यातलं माझं आजोळ, रस्ता वर आणि घर खाली, मधे जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. माजघरात टीव्ही मांडलेला. त्या कॅसेटींत ‘मिस्टर व्हँपायर’ होता. बोलणं चिनी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि आम्ही आठ-दहा पोरं मराठी शाळेतली. मामालाही चिनी येत नव्हतं. तो मनानं संवाद घालायचा. लाम चिंग-यिंग आमच्या माजघरात राजापुरी बोलला. मढं दिसलं की मामा ओरडायचा, “श्वास धरा!” आणि आम्ही सगळे नाक दाबून बसायचो. मढं गेल्याशिवाय जो श्वास सोडेल तो बाद. शेजारचा एक मुलगा लालबुंद व्हायचा पण सोडायचा नाही. लाइट गेली की अंधारातही तो खेळ चालू राहायचा. मामा पुढची गोष्ट स्वतः रचून सांगायचा.

1992 च्या जूनमध्ये मामा मस्कतला झोपेत गेला. हार्ट अटॅक म्हणाले. नऊ दिवसांनी पेटी मुंबईला आली. सहार विमानतळावर बाबा आणि मोठे काका कार्गोत रात्रभर थांबले होते. मी चौदा वर्षांचा, मला नेलं कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. मुंबई-गोवा हायवेनं पेटीबरोबर पावसात आलो. टेम्पोत मी पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला बसलो होतो. तिच्या झाकणावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक कागद चिकटपट्टीनं लावला होता. त्यावर मामाचं नाव, आडनावातलं एक अक्षर चुकीचं, पासपोर्टचा नंबर आणि लाल शिक्का. कार्गोतल्या माणसानं बाबांना बजावलं होतं, “हा कागद काढायचा नाही.” ते माझ्या डोक्यात बसलं. चिपळूणच्या पुढे चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला आणि वाऱ्यावर फडफडायला लागला. मी तो अंगठ्यानं दाबून धरला. घरापर्यंत धरला. बाबांना वाटलं, मी पेटीवर हात ठेवून रडतोय.

मी रडत नव्हतो. तो कागद सुटू नये एवढंच मला कळत होतं.

पाखाडी शेवाळलेली. पेटी लाकडी, आत पत्रा, चांगलीच जड. खाली दोन बांबू बांधून आठ जणांनी ती खांद्यावर घेतली. एकेक पायरी उतरताना बांबू लवायचे आणि पेटी वर-खाली व्हायची. पायरी, उसळी, पायरी, उसळी. अर्ध्या वाटेवर, आंब्याशेजारी पाखाडी काटकोनात वळते. तिथे बांबूंसकट वळेना. कुणीतरी म्हणालं, “आडवी नाय वळत. उभी करा.” बांबू सोडले आणि पेटी उभी केली.

मामा उभा राहिला.

दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून ती उभी पेटी वळवली, एका कोपऱ्यावर टेकवत, मग दुसऱ्या. ती चालल्यासारखी वळली. वर, बरोबर कपाळ असावं तिथे, तो कागद. माझा अंगठा आता त्यावर नव्हता. कोपरा फडफडत होता. आणि मी हसलो. बारीक नाही, मोठ्यानं, पोटातून. आवरायला गेलो तर आणखी आलं. खाली घराच्या ओट्यावर बायका उभ्या होत्या. मामीच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी. मामीनं माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही, काही नाही. नुसतं बघितलं. मग काकांनी माझ्या थोबाडीत मारली आणि तेव्हा मी थांबलो.

अंगणात पटाशीनं खिळे उचकटले. झाकण उघडलं तसा औषधाचा उग्र वास आला आणि जमलेल्या सगळ्या माणसांनी, एकजात, पदर आणि टॉवेल नाकाला लावले. अंगणभर माणसं श्वास धरून उभी. मामाच्या नाकात कापूस होता. आजीनं तेवढा श्वास सोडला. ती तशीच वाकून त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

यावर मी माझी बाजू किती वेळा मांडलीय, मनातल्या मनात. मी लहान होतो. रात्रभर झोप नव्हती. धक्क्यानं असं होतं, माणसं मयतात हसतात, हे पुढे डॉक्टरांकडूनही ऐकलं. सगळं खरं. पण त्या क्षणी मला गंमत वाटली, हेही खरं आहे. धक्का वगैरे नंतरचं. मामा पेटीतून उड्या मारत येतोय असं वाटलं आणि आनंद झाला. तो आनंद मामीनं पाहिला.

नंतर बरीच वर्षं मी यातला एकही सिनेमा पाहिला नाही. तिशीत आल्यावर वाचताना चीनच्या पश्चिम हुनानमधल्या ‘प्रेतं हाकण्या’च्या दंतकथा सापडल्या. परमुलखात मेलेल्याला आपल्याच गावच्या मातीत पुरायचं, नाहीतर आत्मा भटकतो, अशी श्रद्धा. गाडी-घोडा गरिबाला परवडणार नाही. तेव्हा मांत्रिक प्रेतांना ओळीनं, रात्रीच्या अंधारात, डोंगरवाटांनी चालवत घरी आणतो, असं लोक सांगत. ज्यांगशीच्या उड्यांमागे ही कथा असावी असं मानतात. आणि या कथेचा एक साधा खुलासाही देतात: प्रेतं लांब बांबूंना उभी बांधायची, पुढे एक माणूस, मागे एक, बांबू त्यांच्या खांद्यांवर. चालताना बांबू लवतो. लांबून, अंधारात बघणाऱ्याला वाटतं, मढी उड्या मारताहेत.

मी पुस्तक खाली ठेवलं. लवणारा बांबू मी पाहिला होता.

त्या रात्री इतक्या वर्षांनी ‘मिस्टर व्हँपायर’ पुन्हा लावला. आणि लहानपणी न कळलेली गोष्ट दिसली. त्यातलं मढं परकं कुणी नाही. ते गावातल्या श्रीमंत माणसाचा बाप आहे. फसवल्या गेलेल्या फेंगशुईवाल्यानं सूड म्हणून त्याच्या पुरण्यात खोट ठेवलेली असते. शवपेटी जमिनीत उभी पुरलेली असते. उभी! बाप मढं होऊन उठतो आणि पहिला जीव घेतो तो आपल्याच मुलाचा. घरच्या माणसाला नीट पोचवलं नाही, म्हणून तो परत येतो. आणि त्याच्या भोवती ही चेलेमंडळी घाबरतात, चुकतात, पडतात, आणि माणसं पोट धरून हसतात. तिथे हसण्याबद्दल कुणी कुणाच्या थोबाडीत मारत नाही.

म्हणून बघतो. पश्चिमेकडचा व्हँपायर देखणा, एकटा, वाड्यात राहणारा. त्याच्याशी माझं काही देणंघेणं नाही. हे मात्र आमच्या पाखाडीवरचं आहे. “चिन्यांची थट्टा आहे ती” असं म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. हाँगकाँगच्या लोकांनी आपल्याच लोकांसाठी आपल्याच मयतांवर केलेले सिनेमे आहेत ते. त्यात भीती खरी आहे आणि हसूही खरं आहे. दोन्हींपैकी एकाची माफी मागा असं ते सिनेमे म्हणत नाहीत. माझी माफी मात्र मागायची राहिलीय, आणि सिनेमा बघून ती मागितली जात नाही, हे मला कळतं. कधी वाटतं, मी माझं ते हसू कुठेतरी बसवायला जागा शोधत होतो, तर ती मला सापडली. कधी वाटतं, बाकी काही नाही, मामाचा आवाज ऐकायला बसतो.

मामेबहिणीला मी दिवाळीत यातलं निम्मं सांगितलं. तिला मामा आठवत नाही. ती म्हणाली, “लाव ना.” लावला. शवपेटी वर काढतात तिथवर तिनं पाहिलं आणि म्हणाली, “बंद कर.” केला. मग तिनं विचारलं, बाबा संवाद काय घालायचे? मी आठवायला बसलो. चाळीस-पन्नास वेळा ऐकलेले संवाद. “श्वास धरा” सोडून एक आठवला: वाण्याच्या दुकानात मामा म्हणायचा, “तांदूळ निवडून दे रे, बाहेरगावी न्यायचाय.” एवढाच. तिनं तो मोबाइलमध्ये लिहून घेतला.

मामी त्याच घरात राहते. माझ्यावर तिची माया आहे, आंबे आठवणीनं पाठवते. तिनं मला तो प्रश्न कधी विचारलेला नाही. या मे महिन्यात गेलो की मीच विषय काढीन म्हणतो. मागच्या मे महिन्यातही म्हटलं होतं.