होरोवेलला मेट्रोनोम चालत नाही

आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये मी केलेल्या एका ध्वनिमुद्रणाचा बेत कागदावर सरळ होता. एक गायक, दोन दुदुकवाले (दुदुक म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं आर्मेनियन वाद्य) आणि उत्तर आर्मेनियातल्या लोरी भागाचं एक होरोवेल, म्हणजे नांगरटीचं गाणं. आयोजकांनी कीबोर्डवर ट्रॅक बांधून पाठवला होता, त्यात लय मोजणाऱ्या मेट्रोनोमचे ठोके. गायकाने हेडफोन लावला, दोन ओळी म्हटल्या आणि काढून ठेवला. "यात बैल कुठे आहेत?" एवढंच विचारलं.

प्रश्न रास्त होता. हे गाणं 'गुतान' या अवजड नांगराचं. त्याला बैलांच्या किंवा रेड्यांच्या अनेक जोड्या लागत. मागे रुमणं धरणारा 'माचकाल', पुढे जुवांवर बसून जनावरं हाकणारी 'होताघ' पोरं. ओळ किती लांबवायची, हाक कधी घालायची, हे ढेकूळ, दगड आणि नांगराच्या तासाचं वळण ठरवतं. मधले 'हो', 'हेय' हे भरीचे शब्द नव्हेत, ते जनावरांसाठी आहेत. अशा गाण्याला मात्रा मोजून आवर्तनात बसवलं की पहिल्या लांब हाकेलाच गायक ठोक्याच्या मागे पडतो, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं गायकच चुकला. धर्मगुरू आणि संगीतकार कोमितास (1869–1935) यांनी लोरीतल्या वार्दाब्लुर गावचं नांगरगीत हाकांसकट टिपून त्यावर सविस्तर लिहिलं. खळ्यावरचं गाणं शेतकरी घरात बसून म्हणत नाही, हेही त्यांनीच नोंदवलं. 1915मध्ये ऑटोमन सरकारने केलेल्या अटकेनंतर त्यांची बरीच टिपणं गहाळ झाली. जे उरलं त्यावर आजचे गायक उभे आहेत.

ठोके बंद केले. पण कीबोर्डचे सूरही आड येत होते. आर्मेनियन चाली चार-चार सुरांच्या गटांनी वर चढतात आणि एका गटाचा शेवटचा सूर हाच पुढच्याचा पहिला असतो. सा रे ग म झाल्यावर म पासून तेवढ्याच अंतरांनी पुढे जा: म प ध, मग कोमल नी. त्या नी पासून पुन्हा तसंच चढलात तर वरचा गंधार कोमल लागतो, खालचा मात्र शुद्धच. सप्तक जसंच्या तसं वर उचलून ठेवणाऱ्या साथीत हे बसत नाही. ट्रॅकमध्ये शुद्ध निषाद ठासून भरला होता. तोही गेला.

राहिले दोन दुदुक. सनईच्या जोडीला सूर धरणारा असतो तसा इथे 'दाम' धरणारा असतो: एकच सूर, गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, न तोडता. वाद्य जर्दाळूच्या लाकडाचं, वर बोटांसाठी आठ भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. खरी कटकट पत्तीची. बोरूची ही चपटी, रुंद पत्ती कोरडी असताना मिटलेली असते. दामवाल्याने आत कोमट पाण्याचे थेंब सोडले, झटकून टाकले आणि ती उघडेपर्यंत बाजूला ठेवली. तोंड दीड-दोन मिलिमीटर उघडलं की वाजते. जास्त उघडली तर वारा खाते आणि सूर उतरतो. कमी उघडली तर आवाज चिरका होऊन चढतो. पत्तीवरचं कडं टोकाकडे सरकवलं की ती आवळते, उलट सरकवलं की सैलावते.

फेब्रुवारीचा महिना. सकाळी हॉल 16 अंशांवर होता, हीटर लावल्यावर 22 झाला. नळीतली हवा सहा अंशांनी तापली तर सूर साधारण 18 सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सहाव्या भागाएवढा चढतो. एकट्या वाद्याला ते खपून जातं. गायक मात्र त्या दामवरच पाय रोवून असतो. "जान, खाली घे," गायक दोनदा म्हणाला. कडं केसभर खाली आलं, सूर बसला. मी हीटर बंद करवला आणि वाद्यं हातात ऊब धरू देऊन मगच टेक घेतला.

मायक्रोफोन गायकापासून 70 सेंटिमीटरवर होता. होरोवेलमधली हाक ओळीपेक्षा सहज 15 डेसिबलने वर उसळते. पातळी ओळीवर बेतली की हाक फाटते. कॉम्प्रेसरने, म्हणजे आवाजाचे चढउतार कमी करणाऱ्या यंत्राने, दाबली की ती शेतातली राहत नाही. म्हणून पातळी हाकेवर बेतली आणि ओळी हळू येऊ दिल्या. गायक हाकेला दोन पावलं मागे सरायचा, आपणहून.

आयोजकांना नंतर त्यावर गेघार्द या आर्मेनियन मठातल्या, कातळात कोरलेल्या दालनासारखा घुमारा हवा होता. गेघार्दमध्ये स्तोत्रं अप्रतिम वाजतात, पण नांगराच्या गाण्याला दगडी छप्पर कशाला? उघड्या रानात प्रतिध्वनी नसतोच. मी घुमारा घातला नाही.

शेवटी ठेवायचा टेक गायकाने विनादामचा निवडला. दुदुकवाल्यांनाही ते पटलं. माचकालच्या मागे कोण दाम धरणार? दामसहितचा टेक मैफलीसाठी वेगळा ठेवला. फाइल 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झ, कुठलीही सफाई न करता. सोबतच्या नोंदीत गाव, बोली, गाणं कुणाकडून शिकलं, आधार स्वराची कंपनसंख्या आणि हॉलचं तापमान.