को जागर्ति? मी नाही

कोजागिरी, रात्रीचे सव्वानऊ.

गच्चीवर भांडी वाजताहेत. सोसायटीचं मसाला दूध बाराला, आणि मला दहाच्या आत अंथरुणात असायचं आहे. जागरण म्हणजे फिटला आवतण, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. गंमत म्हणजे ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या आलेखाच्या, आदल्या रात्री त्यांनीच मुद्दाम कमी झोपायला सांगितलं होतं. एवढं करून ईईजी स्वच्छ! मी पेढ्यांच्या विचारात, तर म्हणाले, ईईजी चांगला आला म्हणून फिट नाही असं होत नाही. एमआरआयमध्ये मात्र बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या जुन्या खुणा निघाल्या. पंधरा वर्षांच्या बीपीची देणगी. लहानपणानंतर फिटचं प्रमाण पुन्हा वाढतं ते साठीपुढेच, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

तोवर घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की आई विसरायला लागली. माझी फिट फिटसारखी नव्हतीच ना. हातपाय झाडणं नाही, तोंडाला फेस नाही. म्हणे मी बोलता बोलता थांबते, एकटक बघते, ओठ चघळल्यासारखे हलवते, पदराशी चाळा करते. दीडेक मिनिट. मग बराच वेळ गोंधळलेली. हे सगळं 'म्हणे', कारण मला त्यातलं काहीच आठवत नाही. मला आठवतं ते उतू गेलेलं दूध आणि समोर उभे असलेले हे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून ह्यांनी एक वही घातली आहे. '१०.२०, जांभळी नाका, भाजी घेताना, दीड मिनिट. उजव्या हाताचा चाळा. भाजीवालीने नाकाला कांदा लावला.' बँकेतला माणूस, नोंद चोख. पण पंचवीस वर्षं या घरात रोजनिशी लिहिणारी मी, आणि माझीच दीड मिनिटं ह्यांच्या वहीत! त्या दिवशीचं माझं पान काढून बघितलं. लिहिलंय, 'गवार कोवळी मिळाली. डोकं जड.'

कांद्यावरून लहानपणच्या वाड्यातली ताई आठवली. तिला फेफरं आलं की कोणीतरी धावत चप्पल आणायचं. लग्न ठरलं आणि मोडलं. तेव्हा कायदाही तिच्या बाजूने नव्हता. हिंदू विवाह कायद्यातला फेफऱ्याचा उल्लेख निघाला तो १९९९ साली. आम्ही पोरं तिच्या ताटातलं खायचो नाही. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गोळी सकाळी आठ, रात्री आठ. लेव्हेटिरासिटॅम, नाव पाठ व्हायलाच आठवडा गेला. तिने चिडचिड होते म्हणतात. हे म्हणतात, ती आधीपासूनच होती. स्कूटर मुलाला देऊन टाकली. लायसनच्या फॉर्मवर फिटबद्दल सरळ प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिणं मला जमणार नाही. कचराळी तलावाला फेऱ्या मारते, तेव्हा हे दहा पावलं मागून. गॅसच्या मागच्या शेगडीवरच भांडं.

या सगळ्याची सवय होईल. होत नाही ती न्हाणीघराच्या कडीची. आत पडले तर दार उघडता यावं म्हणून कडी लावायची नाही. लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्यांत सात माणसं होतो, एकटं असायची जागा तेवढी एकच. आता तिथेही बाहेरून हाक येते, "अगं, ठीक आहेस ना?" मी पाणी जोरात ओतून उत्तर देते.

एक व्हिडिओही आहे ह्यांच्या फोनमध्ये, डॉक्टरांना दाखवायला काढलेला. दोन महिने मी बघितला नव्हता. मगाशी हे गच्चीवरून लवकर पेला घेऊन आले. "चंद्र पडलाय यात, मी बघितलं," म्हणाले. दूध पिता पिता म्हटलं, दाखवा.

बघितला. एक बाई बसली आहे, तोंडात काहीतरी असल्यासारखी. केस विस्कटलेले. तिच्या हातातला कप कोणाचा तरी हात हळूच काढून घेतो.

"ओढायचं नाही, धरून ठेवायचं नाही असं सांगितलंय," हे म्हणाले. "नुसतं जवळ थांबायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांपुढे गेलं तर हॉस्पिटल."

मग ह्यांची वही मागून घेतली. जांभळी नाका, दीड मिनिट, कांदा, सगळं माझ्या त्या पानावर गवारीच्या खाली उतरवलं.

दहाला पाच कमी. वर अंताक्षरी सुरू झाली आहे आणि 'म' वर कोणालाच गाणं सुचत नाहीये.