सूतवाले आणि मागवाले

“मॅडम, राग मानू नका, पण एक विचारू का?” इथून सुरुवात झाली की पुढचं मला पाठ आहे. पद्मशाली, म्हणजे आम्ही विणकर, तेलंगणातून सोलापूरला आले, मारवाडी राजस्थानातून आले. दोघेही बाहेरचे, दोघेही रिकाम्या हातांनी आलेले. मग चाटी गल्लीतली कापडाची दुकानं त्यांची आणि विडी घरकुल वसाहतीतल्या घरांच्या रांगा तुमच्या, असं का? स्टाफरूममध्ये पुण्याहून आलेल्या सरांनी विचारलंय, नवऱ्याच्या मित्रांनी जेवता जेवता विचारलंय, बारावीच्या पोरांनीही विचारलंय. मी जन्मानं पद्मशाली आणि शिकवते हिशेब, त्यामुळे बहुतेकांना वाटतं की उत्तर ठरलेलंच आहे, मी फक्त मान हलवायची. ते पैसा राखतात. तुम्ही लग्नात, शिंदीत आणि तुमच्या दैवताच्या, मार्कंडेयाच्या रथात उडवता.

तर आता एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी ते ‘रिकाम्या हातांनी’. काही पद्मशाली घरं पेशवाईतच इथं आली, पण लोंढा आला तो नंतर. 1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली, 1876 ते 78 दुष्काळ पडला, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. आमचे लोक आले ते बायकापोरांसकट. अंगात विणकाम होतं, बाकी काही नाही, आणि मागे परत जावं अशी जमीनही नाही. मारवाडी आले ते आधी एकटे पुरुष. गाववाल्याच्या पेढीवर राहायचं, बाशात, म्हणजे त्यांच्या सामायिक खानावळीत, जेवायचं, काही वर्षं गुमास्ता म्हणून वही लिहायला शिकायचं, मग त्याच मालकाच्या उधारीवर स्वतःचं दुकान टाकायचं. खिशात रोकड नसेलही, पण कुणाच्या नावावर माल उचलता येईल हे ठरलेलं असायचं. ज्याला जमलं नाही तो गावी परतला आणि आज आपल्याला दिसत नाही. दिसतो तो टिकलेला. आमच्यातला न जमलेला मात्र इथंच राहिला, त्याची नातवंडंही इथंच आहेत. म्हणजे एका बाजूला त्यांचे निवडून उरलेले आणि दुसऱ्या बाजूला आमचे सगळेच्या सगळे, अशी तुलना चाललीय. माझ्या वर्गात कुणी असा ताळेबंद मांडला तर मी शून्य मार्क देईन.

त्यांचं सगळं सोपं होतं असंही मी म्हणत नाही. 1875 मध्ये पुणे-नगर भागात मारवाडी आणि गुजराथी सावकारांची गहाणखतं जाळली गेली. त्यानंतर 1879 चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. परकेपणाची झळ त्यांनाही बसली. आणि ज्यांना हा विषय ‘बाहेरून येऊन लुटलं’ इथपर्यंत न्यायचा असतो त्यांना मी एवढंच सांगते की 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांतले श्रीकिसन सारडा मारवाडीच होते. त्या भांडणात मला ओढू नका.

आम्हाला काहीच मिळालं नाही, असं रडगाणंही मी गाणार नाही. गंगाधर कुचन आणि लिंगराज वल्याळ लोकसभेत गेले, नरसय्या आडम तीन वेळा विधानसभेत. समाजानं शाळा काढल्या, मुलींचं कॉलेज काढलं, सहकारी दवाखाना उभारला. कुंभारीला 2006 मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची 10,000 घरं झाली. रे नगरची 30,000 घरांची योजना आली, त्यातल्या पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या. ती घरं फक्त आमची नाहीत, मुसलमान, लिंगायत, दलित सगळे आहेत. पण एवढी माणसं एकाच मजुरीवर जगत होती म्हणून तर मोर्चे निघाले आणि घरं मिळाली. आमची ताकद मोजायची झाली तर डोकी मोजायची. बँकेत डोकी चालत नाहीत.

कॉलेजात असताना मी समाजाच्या एका कार्यक्रमात भाषण केलं होतं. रथाचा खर्च थांबवा, लग्नं साधी करा, दारू सोडा आणि मारवाड्यांकडून शिका, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या मुलीला आज मी विचारीन की बाई, तू मारवाड्याचं लग्न कधी पाहिलंयस का? खर्चानं माणूस बुडत असता तर आधी तेच बुडाले असते. आणि नारळी पौर्णिमेचा रथ वर्षातून एकदा निघतो, सुताचं बिल दर आठवड्याला येतं. पण तिला पुरतं गप्पही बसवता येत नाही मला. माझा एक चुलता दारूनंच गेला. पगाराच्या दिवशी त्याची बायको मागाच्या कारखान्याच्या दारात येऊन उभी राहायची, हे मी पाहिलंय. बारा तास त्या खडखडाटात उभं राहिल्यावर माणूस काय करणार, असं मी म्हणू शकते. म्हणतेही. तेवढ्यानं समाधान होत नाही.

आता 2011 चं सांगते, कारण माझं जे काही मत आहे ते तिथंच बनलं.

आमचे घरामागच्या खोलीत चादरीचे चार माग होते. 2010 च्या दिवाळीनंतर सूत भडकलं. केंद्र सरकारनं सुताच्या निर्यातीवर मर्यादा घातली, तरी भाव काही ऐकेनात. आज घेतलं नाही तर उद्या मिळणार नाही, या धास्तीनं माझ्या वडिलांनी, नानांनी, नेहमीच्या दुप्पट गठ्ठे उचलले, अर्थात उधारीवर. आम्हाला सूत देणाऱ्या मारवाडी शेठचं दुकान आजोबांपासूनचं. मग 2011 चा उन्हाळा आला आणि भाव कोसळले. महाग सुताच्या चादरी घडी घालून तयार, आणि घेणारा म्हणतो, आजच्या सुताच्या हिशेबानं द्या. घेणाऱ्याचंही काय चुकलं? त्याच्याकडे पानिपतची ब्लँकेटं येऊन पडलेलीच होती.

शेठनं निरोप धाडला. नाना म्हणाले, तूही चल, तुला हिशेब कळतो. शेठ आमच्याशी तेलुगूच बोलायचे, सूतबाजारात तेलुगू न येणारा व्यापारी टिकत नाही. “रा अम्मा, कूर्चो,” म्हणजे ये बाई, बस, म्हणाले. चहा मागवला. मग लाल कापडाची वही उघडली. त्यात प्रत्येक गठ्ठा तारखेसकट होता, प्रत्येक जमा तारखेसकट होती. आमच्या बाजूनं काय होतं? मागाच्या खोलीच्या भिंतीवर खडूच्या रेघा, त्यातल्या बऱ्याचशा ओलीनं गेलेल्या. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेठच्याच वहीतून येत होतं. मी एम.कॉम., पोरांना द्विनोंदी पद्धत शिकवणारी, आणि माझ्या बापाच्या धंद्याची नोंद एकच, तीसुद्धा देणेकऱ्याच्या नव्हे, घेणेकऱ्याच्या घरात. वहीत खोट काढायचा मी कसून प्रयत्न केला. सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

मध्येच शेठचा फोन वाजला. ते आमच्यासमोरच बोलले. मारवाडी मला कळत नाही, पण ‘लातूर’ कळलं आणि आकडा कळला. फोन ठेवून त्यांनी आपणहूनच सांगितलं की त्यांचंही गोदाम महागड्या सुतानं भरलंय, गिरणीला द्यायचे पैसे थकलेत, आणि लातूरच्या मेहुण्याची डाळमिल आहे, तो उद्या पाठवतोय. “माझं नुकसान तुमच्याहून मोठं आहे,” म्हणाले. ते खरंच होतं. आकड्यात पाहिलं तर शेठ नानांपेक्षा कितीतरी जास्त बुडाले होते.

त्या रात्री नानांनी फोन लावायला घेतले. भिवंडीच्या चुलत्याचे माग बंद. तेलंगणातल्या सिरसिल्ल्याच्या आतेभावाचे माग बंद. इथल्या दोघा साडूंकडे आमच्याहून जास्त माल पडून. एकानंही टाळलं नाही, सगळे हळहळले, आणि द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. आमचं सगळं गोत एकाच दोरीवर वाळत घातलेलं होतं, दोरी तुटल्यावर कोरडं काय राहणार? शेठचे नातेवाईक डाळीत होते, किराण्यात होते, सोन्यात होते, चार गावांत होते. लोक म्हणतात, मारवाडी एकमेकांना धरून राहतात. आम्ही काय एकमेकांना सोडून राहतो? एका गल्लीत, एका आळीत, एका मंगल कार्यालयात आख्खा जन्म काढतो. पण भिजलेल्याला भिजलेला काय देणार.

पैसे शेवटी आले ते आत्याकडून. ती विड्या वळायची. विडी कंपनीच्या ब्रँचमधून पानं-तंबाखू आणायची, हजारावर मजुरी, त्यातून छाट गेलेल्या विड्या वजा, आणि उरलेल्यातून भिशी. तिनं भिशी उचलून आणून दिली. साऱ्या खानदानात सुताशी संबंध नसलेली तेवढी एकच बाई निघाली.

तेवढ्यानं भागलं नाही. दोन माग विकायचे ठरले. चालता माग म्हणून गिऱ्हाईक मिळेना, कारण विकायला सगळेच निघाले होते. मग भंगारवाला आला. माग आख्खा दारातून निघत नाही, घणानं फोडून बिडाचे तुकडे काट्यावर टाकले. नाना थांबले नाहीत, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसले. माझ्या भावानं, अण्णानं, उभं राहून वजनं लिहून घेतली, तारखेसकट.

शेठनं व्याज सोडलं. मुद्दल जमेल तसं द्या म्हणाले आणि पुन्हा कधी तगादा लावला नाही. त्याच वर्षी त्यांनी शेजारचं गोदामही घेतलं. आमच्यासारख्याच एका मागवाल्यानं ते पडत्या भावात विकायला काढलं होतं. आता मी त्यांचे उपकार मानू की बोटं मोडू? दोन्ही करते. लक्ष्मीपूजनाला अजूनही त्यांच्याकडून मिठाई येते, आम्ही ती खातो.

‘मग तुमच्या लोकांनी दुसऱ्या धंद्यात का नाही शिरलं?’ हा पुढचा प्रश्न. विणकाम एकट्याचं नसतं म्हणून. कुणी मागावर, कुणी कांड्या भरायला, म्हातारं माणूस सूत उकलायला. घरातलं एक माणूस किराणा दुकानात पाठवलं की घरातला एक हात कमी होतो. मारवाड्याचा पोरगा गुमास्ता म्हणून गेला तर राजस्थानातलं घर त्याच्यावाचून अडत नव्हतं. दुसरं म्हणजे सूत ज्याच्याकडून घ्यायचं आणि कापड ज्याला विकायचं, ती दोन्ही टोकं व्यापाऱ्याच्या हातात. मधला विणकर राबला की दोन्ही टोकं वाढतात.

इथं माझेच जातवाले माझ्यावर चिडतील, पण लिहिते. चादर-टॉवेलचे मोठे कारखानदारही पद्मशालीच आहेत. 2005 मध्ये सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले गेले, आणि त्याच चादरी विणणारा बारा तासांच्या पाळीवर होता, पीएफवाचून. चार-चार माग घरातल्या वेगवेगळ्या नावांवर दाखवायचे, म्हणजे कारखाना कागदावर कारखाना राहत नाही. हे आम्हाला कुणा मारवाड्यानं शिकवलं नाही. तेव्हा ‘तुमचा समाज’ म्हणून मला विचारता, तो नेमका कोणता? बंगलेवाला की रांगेतला? मारवाड्यांतही पेढीवर आयुष्यभर चाकरी केलेले मुनीम होते, स्वयंपाकी होते. त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलेलं आठवत नाही.

हे लिहून झाल्यावर मी अण्णाला वाचायला दिलं. तो आता एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. वाचून म्हणाला, “सगळं नात्यावर आणि सुतावर ढकललंस. नानांनी दुप्पट गठ्ठे का उचलले ते लिही की.” मी म्हटलं, धास्तीनं. तो हसला. निम्मे गठ्ठे नाना विणणारच नव्हते म्हणे. भाव अजून चढला की गल्लीतल्याच लोकांना विकायचे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांना एकदा तरी शेठ होऊन बघायचं होतं.

मला हे माहीत नव्हतं. वरचं वाक्य मी बदललेलं नाही, कारण अण्णाचं म्हणणं खरं धरावं की नाही हे मला अजून कळत नाही, आणि नाना विचारायला नाहीत. समजा खरं धरलं. शेठनं गोदाम भरलं तर तो धंदा, आणि विणकरानं खोली भरली तर ती हाव? मी हे बोलले तर अण्णा म्हणाला, “शेठकडे लातूर होतं. आपल्याकडे नव्हतं, हे नानांना माहीत होतं. तरी उचलले. वही ठेवली असती तर तिसऱ्या आठवड्यातच कळलं असतं.” वही तुला-मला कुणी ठेवू दिली असती का, यावर आम्ही बराच वेळ भांडलो. तो म्हणतो, तू एम.कॉम. होतीस, आणून द्यायची होतीस एक वही. मी म्हणते, मागावर तू होतास.

वहिनी भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, शेठचे पैसे फिटले ते लिहा, आणि आत्याचे अजून निम्मे द्यायचे राहिलेत तेही लिहा.