ओपन माइक क्र. 27: ‘ठेवलेली आहे’ अखेर गेलं

माझ्या स्टँड-अप कॉमेडीतला लिफ्टचा बिट, म्हणजे विनोदाचा तुकडा, लागला! मंगळवारी, कोथरूडच्या कॅफेतल्या ओपन माइकला (जिथे कुणीही नाव देऊन स्टेजवर जातं), तिसऱ्या स्पॉटला, म्हणजे तिसऱ्या पाळीला. रेकॉर्डिंगवर हशा सहा सेकंद टिकलाय. घरी येताना रिक्षात मी तो चार वेळा ऐकला.

मागच्या नोंदीत मी हा बिट सेटमधून, म्हणजे स्टेजवर सलग करायच्या बिट्समधून, काढतेय असं लिहिलं होतं. ते रद्द. दिवाळीपासून त्याच्या मागे आहे आणि नेमकं कुठे अडत होतं ते आता कळलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

जुना मसुदा असा: ‘आमच्या सोसायटीची लिफ्ट आठ दिवस बंद. खाली नोटीस लागली. लिफ्टबाबतच्या तक्रारी लेखी द्याव्यात. तक्रारवही सातव्या मजल्यावर ठेवलेली आहे.’ वहीत वाचायला दिला की सगळे हसायचे. स्टेजवर मात्र अकरापैकी नऊ वेळा नुसतं ‘हं’ आलं. मी पॉज बदलला, वेग बदलला, सेक्रेटरींच्या आवाजात वाचून पाहिलं. सातव्याचा अकरावा मजला केला. तो लगेच परत फिरवला, कारण सात मजले माणूस चिडून का होईना चढतो, अकरा म्हटलं की तो घरूनच फोन लावतो आणि गोष्ट तिथेच संपते.

उलगडा रेकॉर्डिंगने केला. आधी फोन कुर्त्याच्या खिशात ठेवायचे, त्यात माझा आवाज आणि कापडाची खसखस एवढंच यायचं. या महिन्यापासून फोन शेवटच्या टेबलावर, लोकांमध्ये ठेवते. सगळ्यांनी हे करा, त्याला पैसे पडत नाहीत. तिथून ऐकलं तेव्हा स्पष्ट कळलं: ‘सातव्या मजल्यावर’ म्हटल्याबरोबर दोघं-तिघं हसायला लागतात, तेवढ्यात माझं ‘ठेवलेली आहे’ येतं आणि वाक्य अजून चालू आहे म्हणून ते थांबतात. हसू घशातच राहतं. वाक्य संपतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

पंचचा, म्हणजे ज्यावर हशा येतो तो शब्द शेवटी ठेवा, हे आपण सगळे पहिल्या दिवसापासून ऐकतो. तो सल्ला इंग्रजी कॉमेडीतून आलेला आहे आणि इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जातं, त्यामुळे शेवटची जागा मोकळी असते. मराठीत ती जागा क्रियापदाची. आहे, होता, म्हणाली, ठेवलेली आहे. हिंदीवाल्यांनाही हाच त्रास आहे, पण आमच्या लाइनअपमधले हिंदीवाले ‘है’ इतकं गिळतात की ते ऐकूच येत नाही. नोटीस मोठ्याने वाचताना ‘ठेवलेली आहे’ कसं गिळणार?

पहिला उपाय म्हणून बोलताना फिरवतो तसं वाक्य फिरवलं: ‘वही ठेवलीय सातव्या मजल्यावर.’ पंच शेवटी आला, पण नोटीसपणा गेला. शेजारीण सांगतेय असं वाटायला लागलं. या बिटची सगळी मजा त्या सरकारी थाटात आहे. दुसरा उपाय बतावणीतला. तमाशात एक जण अर्धं सांगतो, दुसरा ‘कुठं?’ विचारतो आणि उत्तर एका शब्दात पडतं. मी स्वतःच ‘कुठे?’ विचारून पाहिलं. बरं झालं, पण नोटीस मध्येच तुटली.

मग सोमवारी सकाळी आमच्याच नोटीस बोर्डासमोर उभी राहिले. पाण्याच्या टँकरच्या कूपनांची नोटीस होती, खाली लिहिलेलं: ‘कूपन मिळण्याचे ठिकाण: सोसायटी कार्यालय.’ क्रियापद नाहीच! लग्नपत्रिकेत विवाहस्थळ, जाहिरातीत संपर्क, हे सगळं आपण असंच लिहितो. मंगळवारी म्हटलं: ‘तक्रारवही मिळण्याचे ठिकाण...’ श्वास घेतला. ‘सातवा मजला.’ बावीस माणसं होती, त्यातले निम्मे आपलेच कॉमिक. तेही हसले, आणि त्यांनी हा बिट याआधी पाच-सहा वेळा ऐकलाय.

एक तक्रारही आहे. कॅफेचं नाव लिहीत नाही, पण काउंटरवरचा ग्राइंडर सेट चालू असताना फिरवू नका, असं आम्ही तिघांनी वेगवेगळं सांगून झालंय. या वेळीही माझा दुसरा बिट त्यातच गेला. माइक मात्र तिथला उत्तम, केबलवाला शुअर एसएम 58. हे मॉडेल 1966 सालचं आहे आणि अजून त्याच्याइतकं भरवशाचं मला दुसरं मिळालेलं नाही. नवीन मुलांना एकच सांगणं: जाळी मुठीत धरू नका. तो समोरचा आवाज घेतो, मागचा टाळतो. जाळी झाकली की ते जमत नाही आणि स्पीकर किंचाळतो. दांडा धरा, तोंडापासून चार बोटांवर ठेवा.

पुढचा बेत असा होता की लिफ्ट बाजूला ठेवून आत्याच्या व्हिडिओ कॉलचा बिट घासायचा. पण हे लिहिताना एक सुचलं. सात मजले चढून मी वर पोचते, वही उघडते, तर पेन नाही. वहीला दोरी बांधलेली, तिच्या टोकाला चिठ्ठी: ‘पेन मिळण्याचे ठिकाण: तळमजला.’

साचा तोच, म्हणजे ‘मिळण्याचे ठिकाण’ म्हणताच लोक पुढे सरसावतील. याच्यापुढे आणखी एक टॅग, म्हणजे पंचला जोडलेला छोटा पंच, बसेल का? वहीत आधी कुणीतरी नखाने कोरलेली तक्रार? नको, त्याला पुन्हा ‘कोरलेली होती’ लागेल. चिठ्ठीवरच थांबते. आत्या पुढच्या महिन्यात.

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड वहीची उजवी पानं पुन्हा लिहायला काढलीत. सेटमधल्या प्रत्येक पंचखाली शेवटच्या शब्दाला लाल रेघ मारतेय. एकोणीस पंचपैकी बारा ‘आहे’, ‘होतं’ किंवा ‘म्हणाली’वर संपतात. ‘म्हणाली’चे पाच सोपे आहेत, ‘आई म्हणाली’ वाक्याच्या सुरुवातीला नेलं की झालं. उरलेल्या सातांवर आज रात्री बसते. मंगळवारचा स्पॉट मागून ठेवलाय, चौथा मिळालाय.