शेवटच्या मिनिटाचा गोल
आज आमचा संघ अगदी शेवटच्या मिनिटाला झालेल्या गोलमुळे हरला आणि माझी आठ वर्षांची मुलगी, माझ्याच जुन्या, तिच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या जर्सीची बाही दातांत धरून, एक शब्दही न बोलता पडद्याकडे पाहत राहिली. मला पराभवापेक्षा अधिक लागले ते हे की, हे दुःख तिला मीच दिले आहे. माझ्या वडिलांनी मला हा संघ दिला, तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. मीही तिला विचारले नाही. सतत जिंकणारा एखादा संघ तिला निवडू द्यायला हवा होता का, हा प्रश्न रात्रीपर्यंत मनात घोळत राहिला.

शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये विजेतेपद मिळवले, तेव्हा चाहत्यांनी रिग्ली फील्ड या त्यांच्या मैदानाच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावे लिहिली होती. त्यांतली कितीतरी नावे हा दिवस न पाहताच गेलेल्या आईवडिलांची आणि आजीआजोबांची होती. ती छायाचित्रे मी आजही डोळे कोरडे ठेवून पाहू शकत नाही.

झोपताना तिने जर्सी काढू दिली नाही. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारले, "बाबा, आजोबांच्या वेळीही आपण असेच हरायचो का?" मी होकार दिल्यावर ती जवळ सरकली आणि म्हणाली, "मग त्यातला एक सामना सांगा ना."